मागच्या सीटवरची दरी

माझ्या नवऱ्याची पाठ मला त्याच्या तोंडापेक्षा जास्त ओळखीची आहे. ती घामाने आधी कुठे भिजते, राग आला की कुठला खांदा वर जातो, चढ लागला की मान कशी आत ओढली जाते, हे मी डोळे मिटून सांगेन. बाकीच्या बायका नवऱ्याची पाठ बघतात ती तो घराबाहेर पडताना. मी बघितली ती त्याच्याबरोबर जाताना, कारण आमच्याकडे जोडसायकल आहे. दोन सीटा, दोन हँडलं, पायडलांच्या दोन जोड्या आणि चाकं मात्र दोनच. पुढे तो, मागे मी, मध्ये हातभर अंतर.

ज्यांनी जोडसायकल चालवलेली नाही त्यांना वाटतं, मागच्याची मजा असते. मजा कसली डोंबलाची. मागच्याचं हँडल वळत नाही. ते पुढच्या सीटच्या दांड्याला घट्ट आवळलेलं असतं, नुसतं धरायला. ब्रेक पुढे, गिअर पुढे, घंटी पुढे. दोघांची पायडलं एकमेकांना साखळीने जोडलेली, त्यामुळे एकाने पाय थांबवले की दुसऱ्याचेही थांबतात. मागच्याने पाय मारायचे आणि गप्प बसायचं. पण पुढच्यालाही एक बंधन असतं. त्याने सगळं सांगायचं. खड्डा आला तर “खड्डा”, वळायचं असेल तर “डावीकडे”, थांबायचं असेल तर “थांबतोय”. मागच्याला समोरचं दिसत नसतं, त्यामुळे सांगितलं नाही तर तो बेसावध आपटतो. आणि मागच्याने विचारायचं नाही, कारण विचारत बसलं की पुढच्याचं लक्ष उडतं. हा नियम आमच्या इतका अंगात मुरला होता की घरात स्वयंपाकघराच्या दारात समोरासमोर आलो तरी तो “उजवीकडे” म्हणायचा आणि मी बाजूला व्हायचे.

आम्ही दोघं एकाच बस डेपोत होतो. तो बस चालवायचा आणि मी मागच्या शेडमध्ये सीटा शिवायचे. फाटलेलं रेक्झिन उसवायचं, फोम कापायचा, नवीन कव्हर चढवून वाकड्या सुईने कडा ओढून घ्यायच्या. एका प्रवाशाची पँट सीटच्या स्प्रिंगमध्ये अडकून फाटली म्हणून हा शेडमध्ये भांडायला आला, तीच आमची पहिली भेट. त्या भांडणात दोघंही एकेरीवर आलो, आणि लग्नानंतरही अहो-जाहोपर्यंत मागे जाणं काही जमलं नाही. डेपोत ड्रायव्हर पुष्कळ होते, पण सुट्टीच्या दिवशी बायकोला मागे बसवून पुन्हा ड्रायव्हरकी करणारा हा एकटाच. म्हणून ड्रायव्हर हे नाव त्यालाच चिकटलं आणि आमच्या सायकलीला सगळे डबलडेकर म्हणायला लागले. आमची लेकसुद्धा लाडात आली की बाबा न म्हणता ड्रायव्हर म्हणते.

आठवडाभर हॉर्न ऐकून त्याचे कान किटलेले असायचे. सुट्टीच्या दिवशी त्याला असा रस्ता हवा असायचा की जिथे एकही हॉर्न ऐकू येणार नाही. तो त्याला सापडला होता. गाव संपलं की लाकडाची वखार, वखारीनंतर नदी, आणि नदीच्या कडेकडेने जंगलात शिरणारा जुना रस्ता. मोठा रस्ता डोंगराच्या पलीकडून झाल्यापासून इथे कोणी फिरकत नव्हतं. त्या रस्त्याने दगडी पुलापर्यंत जायचं, पुलावर बसून चहा प्यायचा आणि परत फिरायचं. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं आणि आमचं काही म्हणणं नव्हतं.

मग त्याचे डोळे गेले. कळलं ते दाराच्या चौकटीवरून. एका सकाळी तो म्हणाला, चौकट मध्येच वाकली आहे, सुताराला बोलवायला हवं. चौकट सरळ होती. पुढे वर्तमानपत्र वाचताना त्याला मधलीच अक्षरं दिसेनाशी व्हायला लागली. आणि एक दिवस तो माझ्याकडे रोखून बघत राहिला. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाला, तुझे कान दिसतात, केस दिसतात, तोंडाच्या जागी डाग आहे. मी म्हटलं, इतक्या वर्षांनी एकदाचं माझ्याकडे नीट बघितलंस. चेष्टा केली खरी, पण दुसऱ्याच दिवशी त्याला दवाखान्यात नेलं.

डोळ्यांची डॉक्टर तरुण होती, पण गोड बोलून तिने खोटं काही सांगितलं नाही. दोन्ही डोळ्यांचं मधलं दिसणं गेलं आहे आणि ते परत येणार नाही. कडेचं दिसतं ते दिसत राहील. म्हणजे जे बघायला जाईन तेच दिसणार नाही का, असं त्याने विचारलं. तिने हो म्हणून सांगितलं. गाडी किंवा सायकल, काहीच चालवायचं नाही, हेही सांगितलं.

त्या दिवसापासून माणूस मिटला. मागच्या खोलीत खिडकीशी खुर्ची ओढून बसायचा. खिडकीसमोर शेजाऱ्यांची भिंत, तीही त्याला धड दिसत नव्हती. विचारलं तर हो किंवा नाही, नाहीतर तेही नाही. मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. स्वयंपाकघराच्या दारात आता तो “उजवीकडे” म्हणत नव्हता. माझी चाहूल लागली की मुकाट भिंतीला टेकून उभा राहायचा, मी जाईपर्यंत.

अशातच त्याने परस्पर आपल्या भाच्याला फोन केला. भाच्याचं नुकतंच लग्न झालं होतं. रविवारी संध्याकाळी या आणि सायकल घेऊन जा, असं त्याने सांगून टाकलं आणि मला नंतर कळवलं. मला विचारायचं तरी, असं मी म्हणाले, तर म्हणाला, तू एकटी चालवणार आहेस का? मी म्हटलं, एकटी कशाला, मी पुढे बसेन, तू मागे बस.

“मी सामानासारखा मागे बसणार नाही,” तो म्हणाला.

“मग मी इतकी वर्षं कोण होते?” मी म्हणाले. “सामान?”

तो खुर्चीच्या हातावर बोट फिरवत बसला. मग म्हणाला, एकदाच. रविवारी सकाळी पुलापर्यंत जायचं आणि यायचं. संध्याकाळी सायकल जाईल.

सायकलीचं एवढं काही नव्हतं. लोखंड आहे, आज ना उद्या गंजणारच. पण ती गेली की हा माणूस त्या खिडकीपासून पुन्हा उठणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं. त्याचं मन वळवायला माझ्या हातात ती एक सकाळ होती, आणि मी आयुष्यात कधी हँडल वळवलेलं नव्हतं. लेकीला मागे बसवून मी डेपोच्या आवारात सराव केला. जुन्या टायरांच्या ढिगाला दोनदा धडकले. लेकीने घरी येऊन जाहीर केलं की ड्रायव्हर, ही बाई तुम्हाला मारणार आहे. तो हसला नाही.

शनिवारी मात्र त्याने स्वतःहून पाना घेतला आणि सीटा ठीक केल्या. पुढची खाली, मागची वर. नजर कुठेतरी दुसरीकडे आणि बोटं नटावर. मागच्या सीटवर डेपोतल्या उरलेल्या रेक्झिनचं कव्हर मीच शिवून घातलं होतं. त्याच्या कडेवरून तो बोट फिरवत राहिला. बसमध्ये त्याची सीट कंपनीतून तयार यायची, मी शिवायचे त्या प्रवाशांच्या. माझ्या हातच्या सीटवर तो आजवर कधी बसलाच नव्हता. शिवण पक्की आहे, एवढंच म्हणाला आणि हात धुवायला गेला.

रविवारी सकाळी थंडी होती. मी पाय फाकवून उभी राहिले, दोन्ही ब्रेक दाबून धरले आणि त्याला बस म्हणाले. तो बसला तशी सायकल मागून दबली. निघालो. बेकरीवाला शटर वर ढकलत होता, एकजण पाइप घेऊन फुटपाथ धूत होता, आणि त्या दोघांनीही काम थांबवून आमच्याकडे बघितलं, इतकी मी नागमोडी जात होते. पहिल्याच चौकात मागून पायडलला जोराचा हिसका बसला. आमचा ड्रायव्हर ब्रेक मारत होता. बसचा ब्रेक, उजव्या पायाने. ब्रेक माझ्या हातात आहे, असं मी सांगितलं. त्याने माहीत आहे म्हणून सांगितलं आणि पुढच्या चौकात पुन्हा मारला.

वखार मागे पडली, नदीचा गारवा अंगावर आला आणि जंगल सुरू झालं. आणि मी बघतच राहिले.

या रस्त्याने मी किती वेळा गेले असेन, पण रस्ता असा समोरून येतो हे मला माहीतच नव्हतं. माझ्यापुढे कोणाची पाठ नव्हती. दोन्ही बाजूंची झाडं वर जाऊन एकमेकांत मिसळली होती, खाली ओला काळा रस्ता, आणि पार दुसऱ्या टोकाला उन्हाचा एक तुकडा पडलेला. आपण पाय मारतो आणि तो तुकडा जवळ येतो. नदीवरून धुकं उठून रस्त्यावर येत होतं आणि आम्ही त्यात शिरत होतो. सगळं माझ्याकडेच चाललं होतं, आणि मध्ये अडवायला काहीच नव्हतं. मला भीती वाटत होती आणि गायला लागावं असंही वाटत होतं.

पण मागून सूचनांचा पट्टा चालू होता. आता उतार आहे, गिअर बदल. आता मोरी आहे. आता खड्डा येईल, उजवीकडून घे. सगळं आठवणीतून. तो खड्डा कोणीतरी कधीच बुजवला होता, पण हा गडी उजवीकडे झुकलाच. जोडसायकलवर मागच्याने आपल्या मनाने झुकलं की पुढच्याच्या हातात काही राहत नाही. आम्ही रस्त्याच्या कडेच्या नेच्यांमध्ये घुसलो आणि एका दगडाला टेकून कसेबसे थांबलो.

मी खूप बोलले. पुढे मी आहे, सांगायचं मी, तू हलायचं नाहीस आणि तोंड उघडायचं नाहीस, असं सगळं. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, बरं, आता हूं की चूं करणार नाही. त्याचा आवाज इतका थंड होता की मला कळलं, आपण सकाळ घालवली. पुलावर जाऊ, चहा पिऊ, परत येऊ, आणि संध्याकाळी भाचा सायकल गाडीवर बांधून नेईल.

पुलाच्या अलीकडे एक फाटा आहे. तिथे पांढरा दगड आहे. डावीकडे गेलं की पूल, सरळ गेलं की चढाचा रस्ता, तो आम्ही कधीच घेतला नव्हता. दगड मला दिसला. चांगला लांबून दिसला. आणि मी वाट बघत राहिले. इतकी वर्षं त्या दगडापाशी मागे बसून “डावीकडे” ऐकलं होतं. कान तो शब्द ऐकायला तयार होऊन बसले होते आणि हात कानांची वाट बघत होते. त्यालाही फाट्याजवळच्या ओढ्याचा आवाज आला होता, हे त्याने नंतर सांगितलं. फाटा आला हे त्याला कळलं होतं, पण त्याने गप्प राहायचं कबूल केलं होतं आणि तो माझ्या तोंडून “डावीकडे” यायची वाट बघत होता. कोणीच काही बोललं नाही. सायकल आपली सरळ गेली.

रस्त्याच्या मधोमध गवत दिसायला लागलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी थांबतेय म्हणाले आणि थांबवली.

“फाटा गेला,” मी म्हणाले. “तू सांगितलं नाहीस.”

“सांगायचं पुढच्याने असतं.”

“मग विचारायचं तरी.”

“मागच्याने विचारायचं नसतं,” तो म्हणाला. “हे तुझ्याहून जास्त कोणाला माहीत?”

मी वळून बघितलं. त्याचं तोंड गंभीर होतं, पण पोट हलत होतं. ते हलणं सायकलच्या दांड्यातून माझ्यापर्यंत पोचलं आणि मलाही हसू फुटलं. जंगलात मधोमध सायकल दोन पायांत धरून आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो. कित्येक महिन्यांत मी त्याला हसताना ऐकलं नव्हतं.

रस्ता अरुंद होता आणि आमची डबलडेकर लांबलचक. वळवायला जागा मिळेपर्यंत पुढे जाऊ, असं त्यानेच सुचवलं. पुढे काय आहे, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. त्यामुळे आठवणीतून सांगण्यासारखं त्याच्याजवळ काहीच उरलं नाही, आणि तो मागे सैल होऊन बसला.

चढ मोठा होता. झाडं इतकी उंच की शेंडा बघायला मान मागे टाकावी लागली असती, आणि मला ती परवानगी नव्हती. बुंध्यांवर शेवाळाचे जाड हिरवे थर. वाऱ्याचा आवाज वर कुठेतरी, खाली फक्त टायर ओल्या पानांवरून गेल्याची सरसर. मला वाटलं होतं, अर्ध्या चढात माझे पाय बोलतील. पण माझ्या पायांखाली आणखी कोणाचे तरी पाय होते. मी दमले की पायडल आपोआप वर येऊन माझा पाय पुढे नेत होतं. पुढे बसून मागचा जोर असा लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी त्याला हा जोर देत होते आणि तो असा लागत असेल याचा मी विचारही केला नव्हता.

खिंडीत रस्ता सपाट झाला आणि झाडं एकदम संपली. मी थांबतेय म्हणायचंसुद्धा विसरले, नुसतीच थांबले.

खाली दरी होती. डोंगरामागे डोंगर, त्यामागे आणखी डोंगर, प्रत्येक पुढचा आधीच्याहून फिका, आणि सगळ्यांवर जंगल. एकही घर नाही, धूर नाही, तार नाही. तळाशी नदी वळत वळत गेलेली, आणि ऊन तिच्या एकाच वळणावर पडलं होतं, तेवढंच चमकत होतं. आमच्या गावाच्या इतक्या जवळ हे होतं आणि कोणी मला सांगितलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला.

“काय आहे?” त्याने विचारलं.

बोलण्यात मी कोणाला हार जात नाही. पण मला शब्दच सापडेना. “खूप आहे,” मी म्हणाले.

तो मान हलवून थांबला, जणू तेवढ्यावरून त्याला कळलं. मग म्हणाला, उतरायचं का? मी म्हटलं, उतार भयंकर आहे. तो म्हणाला, तू सांग, मी हलणार नाही.

आणि आम्ही उतरलो. माझे डोळे रस्त्यावर खिळलेले, दोन्ही हात ब्रेकवर, बोटं बधिर. “वळण, डावीकडे. खडी. आता उजवीकडे. खड्डा.” मी सांगत होते आणि तो माझ्याबरोबर झुकत होता, इतका बरोबर की मागे कोणी आहे की नाही अशी शंका यावी. दोन-चार वळणं अशी गेली. मग मागून त्याचा आवाज आला. मला वाटलं, झाली सुरुवात. पण ती सूचना नव्हती.

“डावीकडे कड्यावरून पाणी पडतंय,” तो म्हणाला. “पांढरं. बारीक.”

मला बघता येत नव्हतं. समोर खडी होती.

“गेलं. आता झाडं. झाडांमधून नदी येते, जाते, येते, जाते.” तो हळू बोलत होता, स्वतःशीच बोलावं तसं. “उजवीकडे लाल पानं. सगळा उतार लाल आहे.”

“वळण, उजवीकडे,” मी म्हणाले.

“एक पक्षी आहे,” तो म्हणाला. “मोठा. राखाडी असावा. नदीवरून चाललाय, आपल्या बरोबरीने. पंख अगदी सावकाश मारतोय. आपण आणि तो सारखेच चाललोय.”

मी रस्ता बघत होते. माझ्या डाव्या खांद्यापलीकडे हातभर अंतरावर ते सगळं चालू होतं आणि मला मान वळवायची सोय नव्हती. मी नुसती ऐकत होते. अजून आहे, तो म्हणायचा. मग पुन्हा, अजून आहे. शेवटी म्हणाला, वळला, गेला.

खाली नदीकाठी सपाट दगडांवर आम्ही बसलो. मी थर्मास उघडला आणि उकडलेली अंडी सोलायला घेतली. पाणी इतकं स्वच्छ होतं की तळातले गोटे मोजावेत. तो चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसला होता आणि त्याची मान किंचित बाजूला वळलेली होती. हल्ली काही बघायचं असलं की तो त्याच्या जरा शेजारी बघतो.

“सरळ बघायला गेलं की डाग येतो,” तो म्हणाला. “पण मागच्या सीटवर सरळ असतंच काय? तुझी पाठ. डाग तुझ्या पाठीवर जाऊन बसतो, आणि बाकी सगळं दोन्ही बाजूंनी येतं.” जरा थांबून त्याने विचारलं, “इतकी वर्षं तू हे बघत होतीस?”

“हो. तू नव्हतास बघत?”

त्याने खरंच आठवून बघितलं. मग मान हलवली.

“मी रस्ता बघत होतो गं. खड्डे, खडी, वळणं. डोळे चांगले होते तेव्हा पुलावर उतरेपर्यंत मला ही नदी कधी दिसलीच नाही. आवाज यायचा, तेवढाच.”

त्याचे डोळे भरून आले. त्याने पुसले नाहीत, आणि मी नदीकडे बघत बसले. जे डोळे गेले म्हणून आम्ही रडलो, ते धड होते तेव्हा त्याने डांबर बघितलं होतं. आणि आज त्याच मोडक्या डोळ्यांना पाणी, पानं, पक्षी सगळं मिळालं. मला इतका आनंद झाला की छातीत दुखलं. थोडं वाईटही वाटलं, खोटं कशाला सांगू. दोन्ही बाजूंचं सगळं इतकी वर्षं माझं होतं. पुढे बसले की आता डांबर माझ्या वाट्याला येणार होतं.

मी तसं बोलून दाखवलं. म्हटलं, मला काही तो पक्षी दिसला नाही.

“मी सांगितला ना,” तो म्हणाला. “यापुढेही सांगेन.”

यापुढेही, असं तो म्हणाला, आणि लगेच अख्खं अंडं तोंडात टाकलं. मीही ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, कारण हा माणूस चिमटीत धरला की निसटतो.

तो रस्ता नदीच्या काठाने पुढे गेला, आणि एका वळणानंतर समोर दगडी पूल उभा राहिला. आमचाच पूल. नदी तीच होती. आम्ही तिला डोंगराच्या मागून भेटून आलो होतो. आजवर पुलावर चहा पिऊन परत फिरायचो, म्हणून पलीकडे काय आहे ते कधी बघितलंच नव्हतं. पूल आला, असं मी सांगितलं तेव्हा त्याला पटेना. मग चाक दगडावर गेलं, तो ओळखीचा खडखडाट झाला, आणि तो मागे मोठ्याने हसला.

संध्याकाळी भाचा आणि भाचेसून आली. गाडीच्या टपावर सायकल बांधायचा स्टँड लावूनच आली होती. सूनबाई मागच्या सीटवर बसून बघत होती आणि सीट किती मऊ आहे म्हणत होती. आमचा ड्रायव्हर स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. सायकलीबद्दल त्याने दिवसभरात चकार शब्द काढला नव्हता, आणि मीही विचारलं नव्हतं. भाच्याने हँडल धरलं, घंटी वाजवून बघितली.

“मामा, मग नेऊ ना?” त्याने विचारलं.

त्याने भाच्याकडे म्हणजे भाच्याच्या जरा शेजारी बघितलं.

“मला काय विचारतोस?” तो म्हणाला. “ड्रायव्हरला विचार.” आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

चहाचा ट्रे घेऊन मी त्याच्या मागेच उभी होते. भाच्याला म्हटलं, बसा, आधी चहा घ्या, तुमच्यासाठी दुसरी शोधू. मग मला बाहेर पडायचं होतं आणि दारात तो उभा होता.

“उजवीकडे,” मी म्हणाले, आणि तो बाजूला झाला.